टॅग लावणं हेही मननच: रोजच्या वाचनाच्या टिपणांसाठी एक साधी पद्धत



आज नेहमीसारखी एक ओवी घेऊन बसणार नाही. रोज वाचलेल्या ओव्यांचं पुढे काय होतं, याबद्दल बोलू या. सत्संगातल्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो: "वाचन रोज होतं, टिपणंही काढतो, पण हवं तेव्हा काही सापडत नाही. काय करायचं?"

हिशोब बघा. दासबोधात २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक वाचला तर साडेसहा महिने लागतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज दहा वाचल्या तरी अडीच वर्षं. रोजचं एक टिपण धरलं तर ज्ञानेश्वरी संपेपर्यंत फोनमध्ये नऊशे टिपणं झालेली असतात, आणि ती सगळी तारखेच्या क्रमाने. अडचण अशी की आपल्याला ती तारखेने कधीच लागत नाहीत. लागतात ती प्रसंगाने.

आमच्या वाचन गटातल्या एका ताईंचे वडील आयसीयूमध्ये होते. बाहेरच्या खुर्चीवर बसून त्यांना मागे लिहिलेलं एक टिपण हवं होतं, शरीराच्या नाशिवंतपणाबद्दलचं, पण भीती न घालणारं. सहाशे टिपणं होती. त्या वर-खाली करत राहिल्या, आणि शेवटी फोन बाजूला ठेवून नुसतं नाम घेत बसल्या. नाम घेतलं ते उत्तमच झालं. पण ते टिपण त्यांनी अशाच दिवसासाठी लिहून ठेवलं होतं, आणि त्याच दिवशी ते हाताशी आलं नाही. म्हणून मला हा विषय नुसता नीटनेटकेपणाचा वाटत नाही.

फोल्डर का पुरत नाहीत

आपल्यापैकी बहुतेकजण आधी फोल्डर करतात: ज्ञानेश्वरी, दासबोध, गाथा, प्रवचनं. दिसायला छान दिसतं. पण गीतेच्या बाराव्या अध्यायावरचं एक टिपण भक्तीबद्दलही असतं, घरातल्या वादाबद्दलही असतं आणि समत्वाबद्दलही असतं. फोल्डर म्हणतो, एकच जागा निवड.

ग्रंथालयांत हीच अडचण फार पूर्वीपासून होती. पुस्तक एक, त्यामुळे कपाटातली जागाही एकच. आपल्याकडे या प्रश्नाचा मुळापासून विचार केला तो मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३३ मध्ये त्यांनी 'कोलन क्लासिफिकेशन' ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येक विषयाला अनेक पैलू असतात: मुख्य वस्तू कोणती, ती कशाची बनली आहे, तिच्याबाबत कोणती क्रिया चालली आहे, कुठे, आणि कधी. सगळे विषय आधीच एका लांबलचक यादीत कोंबण्यापेक्षा हे पैलू वेगवेगळे ठेवा आणि लागतील तसे जोडा.

टॅगमागचा विचार याच जातीचा आहे. एका टिपणाला तीन टॅग लावले की ते तीन दारांतून सापडतं, आणि मूळ टिपण मात्र एकच राहतं. २००४ मध्ये जीमेल आलं तेव्हा त्यात फोल्डरऐवजी लेबल होती. २००७ मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर # हे चिन्ह वापरायचं सुचवलं आणि ते आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसलं.

आपल्याकडे हे नवीन नाही

कीर्तन ऐकलं असेल तर टॅग म्हणजे काय हे तुम्हाला आधीच माहीत आहे. महाराज एक अभंग घेतात, आणि त्यावर बोलताना मुद्दा आला की लगेच त्याला प्रमाण देतात. कधी दुसऱ्या संतांचा अभंग, कधी ओवी, कधी गीतेचा श्लोक. ते प्रमाण गाथेत कितव्या पानावर आहे हे त्या क्षणी महत्त्वाचं नसतं. मुद्दा निघाला आणि प्रमाण ओठावर आलं, एवढंच दिसतं. त्यामागे वर्षानुवर्षांचं पाठांतर असतं, आणि ते मुद्द्यांना जोडून केलेलं असतं.

जुन्या काळी वाचणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींकडे बाडं असायची. हाताने लिहिलेल्या या वह्यांत स्वतःला लागणारे अभंग, पदं, श्लोक उतरवलेले असत. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी कितीतरी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. छापील गाथा उघडली तरी विराण्या, गौळणी, आरत्या, नाटाचे अभंग असे गट दिसतात. अभंगाच्या डोक्यावर लावलेलं ते लेबलच म्हणा.

आणि टिपण लिहिण्याची शिस्त? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, इतक्या बारकाईने समर्थ त्यात बोलतात. आपला कागद आता काचेचा झाला, एवढाच फरक.

"पण सर्च आहे ना!"

आहे, आणि तो वापरावाच. पण सर्च शब्द शोधतो, अर्थ शोधत नाही. शिवाय मराठीत त्याच्या दोन खास अडचणी आहेत.

पहिली, आपली भाषा शब्दाचं रूप बदलते. टिपणात 'डोळ्यांनी' लिहिलं असेल तर 'डोळा' शोधून ते येईलच असं नाही. 'पाणी' आणि 'पाण्यात', 'धंदा' आणि 'धंद्यात', यांचंही तेच.

दुसरी अडचण जास्त गोड आहे. माउली दृष्टांताने बोलतात. विषय मन आवरण्याचा असतो आणि ओवीत असतो दिवा, समुद्र किंवा आई. तुम्ही 'संयम' शोधलंत तर ओवीत तो शब्दच नसतो. तो अर्थ वाचताना तुमच्या मनात उमटलेला असतो. तेव्हा तो लिहून ठेवण्याचं कामही तुमचंच.

चार प्रकारचे टॅग

पैलू वेगळे ठेवायचे हे तत्त्व घेऊन मी चारच प्रकार वापरतो. एका टिपणाला चारही लागतीलच असं नाही. दोन-तीन पुरतात.

१. गुण. टिपण कोणत्या गुणाबद्दल किंवा दोषाबद्दल आहे? ही यादी आपण बनवायची गरजच नाही, ग्रंथात ती तयार आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला दैवी संपत्तीचे २६ गुण आहेत. तेराव्यात अमानित्वापासून सुरू होणारी ज्ञानाची वीस लक्षणं आहेत, आणि माउलींनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे नऊ समास आहेत. यांतले रोजच्या जगण्यात सतत भेटणारे दहा-पंधरा शब्द निवडा: #गुण/क्षमा, #गुण/अभय, #गुण/श्रवण.

२. प्रसंग. हे टिपण मला पुन्हा कधी लागेल? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टॅग. #प्रसंग/दवाखाना, #प्रसंग/घरातला-वाद, #प्रसंग/अप्रेझल, #प्रसंग/जपात-मन-नाही. शब्द आपल्या आयुष्यातले ठेवा, ग्रंथातले नकोत. संकटात असताना कुणी 'द्वंद्वातीत' असं टाइप करत नाही.

३. दृष्टांत. #दृष्टांत/दिवा, #दृष्टांत/कासव, #दृष्टांत/समुद्र. गीतेत वारा नसलेल्या जागेतला दिवा सहाव्या अध्यायात येतो, कासव दुसऱ्यात. एकाच दिव्याच्या उपमेने वेगवेगळ्या ठिकाणी काय काय समजावलं आहे हे एकत्र वाचायला मिळालं की फार आनंद होतो. लहान मुलांना गोष्ट सांगतानाही हाच टॅग कामाला येतो.

४. स्थिती. या टिपणाचं माझ्याकडून काय चाललं आहे? इथे तीनच ठेवा: #प्रश्न म्हणजे कळलं नाही, कुणाला तरी विचारायचं आहे. #पाठ म्हणजे पाठ करायचं आहे. #आचरण म्हणजे सध्या करून बघतो आहे. #आचरण एका वेळी एकाच टिपणावर ठेवायचा. नवीन लावायचा असेल तर जुन्यावरून काढा.

तिरकी रेघ देऊन केलेले असे पोटटॅग ऑब्सिडियनमध्ये चालतात. तुमच्या ॲपमध्ये चालत नसतील तर 'प्रसंग-दवाखाना' असं जोडून लिहा. सुरुवातीचा शब्द सारखा असल्यामुळे नावाच्या क्रमाने लावलेल्या यादीत ते एकाखाली एक येतात.

ग्रंथाचं नाव आणि क्रमांक टॅगमध्ये घालू नका, शीर्षकात घाला. आणि प्रत कोणती तेही लिहा. ज्ञानेश्वरीच्या साखरे प्रतीत आणि राजवाडे प्रतीत ओव्यांचे क्रमांक जुळतीलच असं नाही. गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक वेगळे. गीतेतसुद्धा तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीचा अर्जुनाचा प्रश्न काही प्रतींत असतो, काहींत नसतो, आणि त्यामुळे पुढचा प्रत्येक श्लोक एका आकड्याने सरकतो.

एक उदाहरण करून बघू

गीता, दुसरा अध्याय, श्लोक ६२ आणि ६३. भगवान एक साखळी सांगतात. विषयाचं चिंतन करत राहिलं की त्याची आसक्ती होते, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून राग, रागातून मोह, मोहातून स्मृतीचा गोंधळ, त्यातून बुद्धीचा नाश, आणि मग सगळंच गेलं.

याला कोणता टॅग लावाल? पहिला विचार येतो #गुण/क्रोध. ठीक आहे, लावू या. आता दुसरा प्रश्न: हे मला कधी लागेल? "राग आल्यावर," असं पटकन उत्तर येतं. जरा थांबा. राग ही साखळीतली चौथी कडी आहे. राग आलेला माणूस फोन काढून टिपण शोधत बसेल का? आणि शोधलं तरी तोवर तीन कड्या होऊन गेलेल्या असतात.

मग हे टिपण नेमकं कुठे हवं? पहिल्या कडीवर, चिंतनापाशी. आपलं विषयचिंतन कुठे चालतं? रात्री साडेअकराला, अंथरुणात, अंगठ्याने. न घेतलेला फोन पाचव्यांदा बघताना, मित्राच्या परदेशातल्या घराचे फोटो बघताना, ऑफिसमधल्या कुणाचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा वाजवताना. म्हणजे टॅग हवा #प्रसंग/रात्रीचं-स्क्रोलिंग.

काय झालं बघा. टॅग शोधता शोधता श्लोक उलगडला. वाचताना आपण त्याला रागाचा श्लोक समजत होतो. तो रागाच्या खूप आधी सावध करणारा श्लोक आहे, हे "कधी लागेल?" या एका प्रश्नाने दाखवलं.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगताना श्रवण, मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या सांगतात. टिपण उतरवून घेणं हे फार तर श्रवणाचा शेवट. "हे माझ्या जगण्यात कुठे बसतं?" हे स्वतःला विचारणं म्हणजे मननाची सुरुवात. काही ॲप आता टॅग आपोआप सुचवतात. शोधण्यासाठी यंत्राची मदत जरूर घ्या, पण प्रसंगाचा टॅग त्याच्यावर सोपवू नका. त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि रोजच्या वाचनातलं कदाचित सगळ्यात मोलाचं अर्धं मिनिट तेच असतं.

मराठीत टॅग करताना

थोड्या तांत्रिक गोष्टी, पण यांत पुष्कळांची गाडी अडते.

*ऱ्हस्व-दीर्घ.* जुन्या पोथ्यांत 'भक्ति' आणि 'गुरु', आजच्या लेखनात 'भक्ती' आणि 'गुरू'. आपण दोन्ही वाचतो, त्यामुळे बोटं दोन्ही टाइप करतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एक रूप ठरवा आणि तेच ठेवा.

*सारखं दिसणारं, पण वेगळं.* 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरं 'अ' वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, ॲपला दिसू शकतो. फोन आणि लॅपटॉपचे कीबोर्ड वेगळे असतील तर हे नक्की तपासा. सोपा उपाय म्हणजे टॅग दरवेळी नव्याने टाइप न करता सुचवलेल्या यादीतून निवडायचा.

*मोकळी जागा.* बऱ्याच ठिकाणी जागा सोडली की टॅग तिथेच संपतो. म्हणून मध्ये छोटी रेघ. नवीन ॲप घेतलं की आधी एक मात्रा-जोडाक्षरांचा टॅग करून बघा, #प्रसंग-दवाखाना असा. तो मध्येच तुटत नाही ना, हे पाहूनच पुढे जा.

*समानार्थी शब्द.* नाम, नामस्मरण, नामजप, जप. चारांपैकी एकच घ्या. 'टॅगसूची' नावाचं एक टिपण करा आणि त्यात प्रत्येक टॅगपुढे एक ओळ लिहा: यात काय येतं, काय येत नाही. उदाहरणार्थ, "#गुण/क्षमा: दुसऱ्याचं चुकल्यावर. स्वतःचं चुकल्यावरचं #गुण/पश्चात्ताप मध्ये." ही सूची फोनच्या एका पडद्यात मावली पाहिजे. मावत नसेल तर टॅग जास्त झाले.

एकादशीची आवराआवर

टॅग वाढतात, गवतासारखे वाढतात. म्हणून महिन्यातून दोनदा, एकादशीला, पंधरा मिनिटं काढा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा हे हलकं आहे!

एकाच टिपणावर लागलेला टॅग दिसला तर त्याला जवळच्या टॅगमध्ये मिसळा. एखाद्या टॅगखाली इतकी टिपणं झाली असतील की एका बैठकीत वाचून होत नाहीत, तर त्याचे दोन करा. मग उरलेल्या वेळात कोणताही एक प्रसंगाचा टॅग उघडा आणि त्याखालची सगळी टिपणं सलग वाचा. नवीन काही लिहू नका, फक्त वाचा. आठ महिन्यांपूर्वीचं टिपण कालच्या टिपणाशेजारी येतं, आणि दासबोधातली गोष्ट गीतेतल्या गोष्टीला अर्थ देऊन जाते.

दोन सावधगिऱ्या

पहिली खासगीपणाची. प्रसंगाच्या टॅगमध्ये माणसांची नावं नकोत. #प्रसंग/सासूबाई असा टॅग आणि त्याखाली सहनशीलतेची बारा टिपणं, असा फोन घरात फिरला तर सहनशीलतेची परीक्षा लगेच होईल. प्रसंग लिहा, माणूस लिहू नका. टिपण आपल्याला सुधारण्यासाठी आहे, समोरच्याचा हिशोब ठेवण्यासाठी नाही.

दुसरी ॲपच्या मोहाची. ॲप येतात, बंद पडतात, महाग होतात. टॅग टिपणाच्या मजकुरातच शेवटच्या ओळीत लिहिला असेल तर टिपण कुठेही नेलं तरी तो सोबत जातो. वर्षातून एकदा सगळी टिपणं साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. आणि नवीन ॲपची तुलना करण्यात वाचनाचा तास चालला आहे असं दिसलं, तर वरची साखळी आठवा. विषयाचं चिंतन तिथेही होतंच.

जुन्या टिपणांचं काय?

सगळ्यात जास्त भीती याची वाटते. नऊशे टिपणांना टॅग लावायला बसू नका. ते होत नाही, आणि त्यापायी आजचं वाचन राहतं. आजपासूनच्या टिपणांना टॅग लावा. जुनं एखादं शोधताना हाती लागलं तर तेवढ्याला तिथल्या तिथे लावा. लागणारी टिपणं अशी हळूहळू आपोआप वर येतात.

त्या ताईंनी असंच केलं. वडील बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी एकच टॅग केला, #प्रसंग/दवाखाना, आणि त्याखाली निवडून सात टिपणं ठेवली. पुढे आमच्याच गटातल्या दुसऱ्या एकाच्या घरी तसाच प्रसंग आला, तेव्हा ताईंनी ती सात टिपणं त्याला पाठवली. त्याने ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आईला वाचून दाखवली.

आजचा अभ्यास

आजचं वाचन झाल्यावर टिपणाखाली एक ओळ सोडा आणि स्वतःला विचारा: हे मला पुन्हा कधी लागेल? जे उत्तर येईल ते दोन-तीन शब्दांत, आपल्या घरच्या भाषेत लिहा आणि त्याच्या आधी # लावा. उत्तर लगेच आलं नाही तर टिपणावर #प्रश्न लावून ठेवा आणि दिवसभर तो प्रश्न सोबत वागवा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा बघा. बरेचदा दिवसच उत्तर देऊन गेलेला असतो.

उद्या पुन्हा आपल्या नेहमीच्या ओवीकडे वळू.

राम कृष्ण हरी.